लेबल नसलेली वीस काडतुसं

झाकणाच्या आतल्या कडेला बंदुकीच्या दारूचा एक कण चिकटला होता – राखाडी, खसखशीहून थोडा लांबट – आणि ऑरिन स्कार तो नखाने काढायला गेला तेव्हा त्याच्या लक्षात आलं की हे झाकण ज्या डब्याचं आहे तो डबा इथे असायलाच नको. टेबलावर एका वेळी एकच डबा. तीस वर्षांचा नियम. बाकीचे डबे पलीकडच्या कपाटात, बंद. आणि आज शनिवारी सकाळी, गॅरेजच्या खिडकीतून येणाऱ्या स्वच्छ उजेडात, तराजूच्या डावीकडे एक डबा होता आणि उजवीकडे दुसरा. दोन्ही पांढरे, दोन्हीवर निळी पट्टी, नावात फक्त एका अंकाचा फरक.

त्याने कण बोटावर घेतला. मग चष्मा कपाळावर सरकवून भिंग लावलं... आणि ठेवून दिलं. डोळ्यांनी ओळखता येत नाहीत या दोन दारू. काडतुसं भरण्याच्या पुस्तकात पहिल्याच पानावर ठळक अक्षरांत छापलेलं आहे ते.

गुरुवारी दुपारी त्याने मुलीसाठी, थियासाठी, वीस काडतुसं भरली होती. पितळी पुंगळ्या स्वच्छ केलेल्या, बुडाशी ठिणगी देणाऱ्या नव्या टोप्या बसवलेल्या, वजन तराजूवर एकेक करून मोजलेलं. वजन बरोबरच होतं, त्याबद्दल त्याला शंका नव्हती. दोन वर्षांपूर्वी थियाच्या रायफलीसाठी हे वजन त्याने स्वतः शोधलं होतं – पुस्तकाच्या तक्त्यातल्या सगळ्यात खालच्या आकड्यापासून सुरुवात, मग अगदी थोडं थोडं वर, दर वेळी उडालेल्या पुंगळीची टोपी चपटी झाली का ते बघायचं, नळीमागचा बोल्ट उघडताना जड लागतो का ते बघायचं, आणि वरच्या मर्यादेच्या बरंच अलीकडे थांबायचं. पण तो सगळा तक्ता एका दारूचा. तीच गोळी, तीच टोपी, तीच दारू. यातलं एक बदललं की छापलेल्या आकड्याला काही अर्थ उरत नाही. डावीकडची दारू सावकाश जळते. उजवीकडची झटक्यात. सावकाश जळणारीसाठी ठरवलेलं वजन झटक्यात जळणारीने भरलं तर... तर दाबाने फुटणारा रायफलीचा बोल्ट, आणि बोल्टपासून चार बोटांवर थियाचा गाल.

मी गुरुवारी कुठला डबा उघडला?

त्याला टोमॅटोच्या सूपचा वास आठवत होता, बायकोने, वर्नाने, दारातून जेवायला हाक मारली तो आवाज आठवत होता, रेडिओवर गुरांचे भाव सांगत होते तेही. डबा आठवत नव्हता. हात आठवत होता – डब्याकडे जाणारा स्वतःचा हात – पण तो डावीकडे जात होता की उजवीकडे, हे आठवायला गेलं की हात दोन्हीकडे जायचा, दोन्ही तितकेच खरे वाटायचे.

थिया काल दुपारीच वरच्या खोऱ्यात तंबू ठोकायला गेली होती. दर वर्षी या शनिवारी ती एल्क या मोठ्या हरणाच्या शिकारीला एकटी जाते; उरलेलं वर्ष लोकांच्या गाईंची बाळंतपणं करते. त्याने फोन लावला. बंद. तिथे वर फोन लागत नाही, हे माहीत असूनही त्याने तीनदा लावला.

वर्नाला सांगताना त्याने वाक्याची सुरुवात दोनदा बदलली. ती ओट्यापाशी चिलीचं, राजमा-खिम्याच्या रश्श्याचं, पातेलं ढवळत होती. तिने ऐकून घेतलं, गॅस बंद केला, कोट चढवला आणि पिकअपच्या किल्ल्या स्वतःच्या खिशात टाकल्या. गाडी मी चालवते, एवढंच म्हणाली.

रस्ता दीड तासाचा. कापलेल्या गव्हाची शेतं, मग कुंपणं, मग पहिली देवदारं. वर्ना काही विचारत नव्हती आणि त्यामुळे ऑरिनला सारखं काहीतरी सांगावंसं वाटत होतं. एकेचाळीस वर्षं त्याने औषधाचं दुकान चालवलं. बाटलीवर लेबल लावल्याशिवाय ती त्याच्या हातून काउंटरवर गेली नाही. फक्त एकदा – थिया तेव्हा पाळण्यात होती – एका लहान मुलीच्या सिरपमध्ये त्याने दशांशचिन्ह चुकीच्या जागी वाचलं होतं, आणि दुकानात मदतीला असणाऱ्या मिस लुंडने बाटली पिशवीत घालता घालता ती पुन्हा बाहेर काढून त्याच्यासमोर ठेवली होती. तो तिच्याशी आठवडाभर तुटक वागला. नंतर तिने नोकरी सोडली, लग्न करून किनाऱ्याकडे गेली, आणि त्यानंतर त्याच्या दुकानात त्याच्या हाताखालून गेलेली बाटली कुणी पुन्हा पाहिली नाही. त्याला ते मानाचं वाटायचं. सगळं गाव म्हणायचं, ऑरिनचं लेबल म्हणजे ऑरिनचं लेबल. आणि आता त्र्याहत्तराव्या वर्षी एक अंक... पण मिस लुंडबद्दल त्याने वर्नाला कधी सांगितलं नव्हतं, आणि आजही सांगितलं नाही.

तंबू सापडला. थियाची गाडीही होती, कुलूप लावलेली. थिया नव्हती. चूल विझलेली, कॉफीचा कप दगडावर पालथा. पहाटेच गेली असणार. तीन बाजूंनी चढ, तिन्हींवर झाडी. कुठल्या बाजूला हाक मारायची तेही कळेना. ऑरिनने तरी मारली. हाक वर गेली आणि दुसऱ्याच बाजूने परत आली.

मग गोळीचा आवाज झाला.

एकच. लांबून, सपाट, आणि त्याच्यामागून डोंगरांमधून घुमत गेलेली घरघर. दुसरा झाला नाही. चांगल्या शिकाऱ्याला दुसरी गोळी लागत नाही, हे त्याला माहीत होतं... आणि दुसरी न सुटण्याचं आणखी एक कारण असू शकतं हेही. तो चढाकडे निघाला. वर्नाने त्याची बाही धरली.

"तू आत्ता चढायला लागलास तर मला दोघांना शोधावं लागेल. गुडघा नवा बसवलाय तुझा, डोंगर नाही. बस इथे."

तो बसला. ती त्याची बाही धरूनच बसली. काय काय असतं एका तासात – घड्याळाकडे बघायचं नाही असं ठरवायचं, बघायचं, चारच मिनिटं झालेली असतात. त्याने थियाला आठ वर्षांची असताना पहिल्यांदा पुस्तक वाचायला शिकवलं होतं, परीकथांचं नव्हे, हे काडतुसं भरण्याचं. बोट ठेवून ओळ वाचायची. ओळीवरून बोट घसरलं तर पुन्हा पहिल्यापासून. तिने विचारलं होतं, तुला तर सगळं पाठ आहे बाबा, मग तू का बघतोस? त्याने काय उत्तर दिलं होतं...

ती पश्चिमेच्या उतारावरून आली. चालत. नारिंगी जाकीट, खांद्यावर रायफल, कोपरापर्यंत हात रक्ताने माखलेले – आणि चेहरा स्वच्छ. गाल लालभडक, थंडीने. ऑरिनने वर्नाच्या हाताकडे पाहिलं, तो आता बाहीवर नव्हता, तिच्या तोंडावर होता.

"बाबा? तुम्ही दोघं इथे? घरी काय झालं?"

घरी काही नाही, त्याने सांगितलं. मग विचारलं, "कुठलं काडतूस मारलंस?"

थियाने रायफल रिकामी करून गाडीला टेकवली. तिला त्यात जरा जास्तच वेळ लागला.

"दुकानातलं. विकत घेतलेलं."

"आणि माझी?"

"माझ्या घरी, कुलपात. आणलीच नाहीत." तिने हात पॅंटला पुसले, ते अजूनच माखले. "काडतुसांच्या डब्यावर लेबल नव्हतं, बाबा. तू नेहमी लिहितोस ना – दारू कुठली, किती, गोळी, टोपी, तारीख. या वेळी काहीच नव्हतं. तूच सांगितलंयस, लेबल नसेल तर मारायचं नाही, मग मी भरलेलं का असेना."

"मग मला फोन का नाही केलास?"

"करणार होते. मग म्हटलं, तुला वाईट वाटेल."

"वाटू द्यायचं ना वाईट."

"दोघं एकमेकांना जपा," वर्ना म्हणाली, "आणि रायफलीला सांगा, तोवर जरा दमाने घे." आणि मग ती रडली, अगदी थोडी, आणि गाडीतून दालचिनीचे रोल आणायला गेली, निघताना ते तिने कधी बरोबर घेतले ते ऑरिनने पाहिलंच नव्हतं.

त्याने थियाला दोन डब्यांचं सांगितलं. सगळं, आठवत नाही, हेसुद्धा. ती ऐकताना खात होती आणि खाताना मान हलवत होती, जनावराच्या मालकाचं ऐकावं तशी, न रागावता. मग तिने एवढंच विचारलं की पुढच्या वेळी भरताना ती टेबलाशी बसली तर चालेल का. तो आकडा मोठ्याने वाचेल, ती डबा आणि पान बघेल. ऑरिन बघू म्हणाला.

थियाकडून किल्ली घेऊन परतताना त्या दोघांनी तिच्या घरून तो डबा उचलला. वीस काडतुसं, वीसच. दुपारी गॅरेजमध्ये त्याने आधी दोन्ही डबे कपाटात ठेवले आणि मग प्लास्टिकच्या पोकळ हातोडीत एकेक काडतूस अडकवून ती लाकडावर आपटायला सुरुवात केली. दोन-तीन ठोक्यांत गोळी निसटायची आणि दारू सुटून यायची. ती त्याने एका वाडग्यात जमवली. वाडगा उजेडात धरला. राखाडी, लांबट. कुठलीही असू शकेल. डब्यांत किती उरली आहे ते तोलून बघावं असं क्षणभर मनात आलं – कदाचित कळलं असतं – कदाचित ती बरोबरच होती, कदाचित गुरुवारचा तो माणूस नीट होता आणि फक्त लेबल विसरला होता. पण ओळख पटत नाही ती दारू ठेवायची नाही, वापरायची नाही, डब्यात परत ओतायची नाही. याला अपवाद नाही.

तो मागच्या अंगणात गेला आणि सुकलेल्या गवतावर चालत चालत ती दारू खतासारखी पातळ भुरभुरत राहिला. वाडगा रिकामा झाला तरी तो चालतच होता. सकाळपासून छातीत बसलेलं ते काय होतं ते त्याने चाचपून पाहिलं. तिथे नव्हतं. त्याच्या जागी थोडी लाज होती, आणि लाजेच्या खाली, त्याला अपेक्षित नसलेलं काहीतरी – मोकळं, जरा गार. कुणीतरी आपलं लेबल वाचलं होतं. लेबल नाही हे वाचलं होतं. किती वर्षं मी एकटाच वाचत होतो... तो पुन्हा कधी काडतुसं भरेल की नाही हे त्याला ठाऊक नव्हतं, गुरुवारी काय झालं हे आता कधीच कळणार नव्हतं, आणि या दोन्ही गोष्टी माहीत नसताना तो तसाच गवतात उभा राहिला, श्वास घेत, कितीतरी वेळ, जणू कुणी त्याला अजून थोडं थांबायची परवानगी दिली होती.