माहेरचा डोंगर

आम्हा ट्लिंगिट लोकांत कूळ आईकडून येतं, आणि कुळाबरोबर डोंगरसुद्धा. अलास्काच्या किनाऱ्यावर आमच्या गावाच्या डोक्यावर जो बर्फाचा डोंगर उभा आहे, तो माझा आणि माझ्या धाकट्या भावाचा, मोझेसचा. माझ्या नवऱ्याचा नव्हे. सिरिल जावई. बायकोच्या माहेराला नावं ठेवायची एवढी सोय दुसऱ्या कुणाला असेल? आमच्या ह्यांना नुसतं खिडकीपाशी जावं लागतं.

“उठलं नाही वाटतं अजून तुझं माहेर?” कॉफी ढवळत म्हणतात. “दुपार झाली तरी डोक्यावरून पांघरूण!”

“हळू बोला. डोंगर ऐकतो.”

“डोंबलाचं ऐकतो! समुद्रावरचा ओला वारा त्याला धडकतो, वर चढतो, गारठतो. वर बर्फ पडतं, खाली आपल्या डोक्यावर पाऊस. ह्यात रुसण्याफुगण्याचा काय संबंध?”

“तुम्ही तर वारा नसतानाही रुसता,” मी म्हणते.

मग सप्टेंबरात मोझेसच्या हृदयाचं ऑपरेशन ठरलं, अँकरेजला. आमच्या गावाला रस्ता नाही. मागे हिमनदी, पुढे समुद्र, आणि महिन्यातून एकदाच येणारी मोठी बोट नुकतीच येऊन गेलेली. उरलं विमान. नेमका तेव्हाच डोंगर पार घोट्यापर्यंत ढगात बुडाला आणि विमान येईना. डॉक्टरांनी तारीख पुढे ढकलली, परत ढकलली, आणि मग फोनवर मला म्हणाले, आता उशीर केलात तर आमच्या हातात काही राहणार नाही. माझी तर झोपच उडाली.

गावाने सगळं खापर सिरिलवर फोडलं. पोस्टातली एस्थर खिडकीतूनच ओरडायची, “काय बोललास रे बाबा डोंगराला?” मोझेसही कमी नाही. मासे धुरी देऊन सुकवायच्या खोपट्यात बसून सामन माशाचे तुकडे उलटता उलटता म्हणायचा, “दाजी, माझ्या जिवावर उठलात की हो. माफी मागा.”

शेवटी मीच ह्यांना रबरी बूट घालायला लावले. “चला नदीच्या मुखाशी, डोंगरासमोर. माफी मागितल्याशिवाय घरात पाऊल टाकायचं नाही.” पुटपुटत निघाले. मागोमाग मीही, कारण ह्यांचा काय भरवसा!

तिथे आधीच कुणीतरी उभं होतं. मोझेस. पावसात, ढगात दडलेल्या डोंगराकडे तोंड करून बोलत होता.

“आजोबा, आणखी थोडे दिवस असेच राहा. ढगातून तोंड बाहेर काढू नका. छाती फाडून घ्यायची माझ्यात हिंमत नाही हो.”

रोज सकाळी फिरायला म्हणून जायचा, तो ह्यासाठी! आता हे काय बोलतात म्हणून मी श्वास रोखून धरला. असा मेहुणा तावडीत सापडला तर जन्मभर सोडणारे नव्हेत हे.

ह्यांनी टोपी काढली आणि मोझेसच्या शेजारी जाऊन उभे राहिले.

“आजोबा, मी जावई. वाटेल ते बोललो, चुकलो. ह्याचं ऐकू नका. ढग बाजूला करा. मी जातो ह्याच्याबरोबर.”

मोझेस गर्रकन वळला. “दाजी, तुम्ही? विमानात?”

कारण आमचे हे बोटीतले शूर. सख्ख्या मुलीच्या लग्नालासुद्धा बोटीने गेले, आणि जेवणं उरकल्यावर पोचले.

“डोळे मिटून बसेन,” हे म्हणाले. “तू फक्त बडबड करत राहा, मेहुण्या.”

पुढे वारा उत्तरेकडून फिरला आणि विमान आलं. ऐकलं आजोबांनी, असं मी म्हणते. वारा फिरला, असं हे म्हणतात. वाद अजून चालू आहे.

विमान निघताना मी बाहेरून त्याच्या खिडकीत पाहिलं. हे कागदी पिशवीत तोंड खुपसून बसले होते. आणि ज्याची छाती उघडायची होती, तो माझा भाऊ ह्यांच्या पाठीवरून हात फिरवत होता, “काही होत नाही दाजी, मी आहे ना” म्हणत. त्या दिवशी पहिल्यांदा त्याच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. मी तिथेच उभी राहून हसले, आणि मग मला रडू आवरेना.