एकशे आठ टन

कचेरीत त्यांना सगळे पट्टेवाले म्हणत. हुद्दा तो नव्हता. खरा हुद्दा इतका लांब होता की दारावरच्या पाटीवर मावला नव्हता. ते पट्टे काढत, एवढंच. लाकूड, पेंढा, धान्य, भाजीपाला, म्हणजे प्रदेशात जे जे उगवतं ते कुठून निघतं आणि शेवटी कुठे जातं, याचं एक मोठं चित्र. जितके टन जास्त, तितका पट्टा जाड. शेतातून निघालेला हिरवा पट्टा बाजारात शिरायचा, तिथून घराघरांच्या स्वयंपाकघरांत, आणि सालपटांचा पिवळा होऊन खताच्या आवारात उतरायचा. नियम एकच: आत आलं तेवढं बाहेर दिसलं पाहिजे. नाही दिसलं, तर संगणक आपणहून एक करडा पट्टा काढतो. तो कुठेच जात नाही.

यंदा करडा पट्टा होता. एकशे आठ टन. स्वयंपाकघरांतून निघालेली आणि आवारात न पोचलेली सालपटं.

"नासाडीत टाका की," मॅडम म्हणाल्या. "गुरुवारी चित्र भिंतीवर लागायचंय. एवढ्याशा पट्ट्याकडे कोण बघतंय?"

"मी बघतो, मॅडम."

"हो, तुम्हाला दुसरं काय आहे म्हणा."

दुसरं काही नव्हतं, हे खरंच. बायको जाऊन चौदा महिने झाले होते आणि मुलगी परगावी नोकरीला होती. लोकांची मुलं पहिली येतात, तसे यांचे पट्टे एकवीस वर्षं जुळत आले होते.

ते खताच्या आवारात गेले. मुकादम वजनकाट्याशेजारी खुर्ची टाकून बसला होता.

"एकशे आठ टन? मग मी काय खाल्ले का साहेब? गाडी येते, काट्यावर चढते, आकडा पडतो. न आलेला कचरा कसा मोजू?"

"एखादी गाडी नजरेतून सुटली असेल."

"सासूच्या नजरेतून सुटेल, या काट्याच्या नाही."

परतीच्या बसमध्ये त्यांनी तिकिटाच्या मागे भागाकार मांडला. माणशी वर्षाला साठ किलो सालपटं धरायची. म्हणजे एकशे आठ टनांमागे अठराशे माणसं. घरोघर माणसं मोजणं शक्य नसतं, म्हणून चाळीस घरांचे अर्ज भरून घेत. प्रत्येक घर नऊशे घरांच्या वतीने बोलायचं. अठराशे भागिले नऊशे. दोन. कुठल्या तरी अर्जात दोन माणसं जास्त होती.

त्यांचा थांबा मागे गेला तरी ते उठले नाहीत. अर्ज क्रमांक चाळीस त्यांना पाठ होता. एका घराने ऐन वेळी दार लावून घेतलं होतं, तेव्हा संख्या भरायला त्यांनी आपल्याच घराचा अर्ज भरला होता. घरात जेवणारी माणसं: तीन. सही करताना हात चालतो, तसा चालला होता.

तेवढ्यात मुलीचा फोन आला.

"बाबा, जेवलात?"

"जेवेन. कालचं आहे."

"म्हणजे परत तिघांचं केलंत!"

"भांडंच तेवढं आहे गं."

"लहान आणा म्हणून शंभरदा सांगितलं. आई असती तर..."

तिने वाक्य तिथेच सोडलं. "ठेवते, बाबा," ती म्हणाली. "मीटिंग आहे."

कचेरीत येऊन त्यांनी चित्र उघडलं. 'नासाडी'वर बोट ठेवायची खोटी होती. करडा पट्टा जिरला असता, मॅडम खूश झाल्या असत्या, आणि सरकारी कागदावर का होईना, तिघं एकत्र जेवत राहिली असती. बोट बराच वेळ तिथेच होतं. मग त्यांनी संगणक बंद केला.

अर्ज दुरुस्त करायचा तर त्या घरी पुन्हा जाऊन विचारायचं, हा नियम त्यांचाच. अर्ज भरून आणणारी पोरं कँटीनमध्ये बसून घरं दुरुस्त करायची, म्हणून केलेला.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते घरी गेले. कुलूप काढलं, चपला काढल्या, टेबलाशी पाहुण्यासारखे बसले. इतर घरांत निदान पाणी विचारत. त्यांनी प्रश्न नियमाप्रमाणे मोठ्याने वाचला. "गेल्या सात दिवसांत या घरात किमान चार दिवस जेवलेली माणसं किती?"

उत्तर देणाऱ्याला घाई करायची नसते. त्यांनी केली नाही. फ्रिज गुरगुरला, थांबला, परत गुरगुरला.

"एक," ते म्हणाले.

खाली दोन सह्या केल्या. एक विचारणाऱ्याची, एक सांगणाऱ्याची.

गुरुवारी चित्र भिंतीवर लागलं. करडं काही नव्हतं.

"सापडले तर! कुठे होते हो?" मॅडमनी विचारलं.

"नव्हतेच, मॅडम. मीच धरून बसलो होतो."

"बघा, उगीच जिवाला घोर," म्हणून त्या पाहुण्यांकडे वळल्या. स्वयंपाकघरात शिरणारा पट्टा केसभर बारीक झाला होता. तो त्यांच्याखेरीज कोणाला दिसण्यासारखा नव्हता.

संध्याकाळी वाटेत ते भांड्यांच्या दुकानात शिरले.

"किती माणसांचं दाखवू?" दुकानदाराने विचारलं.

या खेपेला उत्तर तयार होतं. "एकाचं."

दुकानदाराने फळीवर नजर फिरवली. "एकाचं येतच नाही, साहेब. दोघांपासून सुरू."

त्यांनी दोघांचं घेतलं.