संस्थेचा मेल

मोहाडीच्या विणकरांच्या गल्लीत कुणाच्या घरी माग चालतो, कुणाचा कधीचाच मोडीत निघालाय. पण मेल मात्र सगळ्या गल्लीत मिळून एकच. संस्थेचा. पोरीच्या कॉलेजचा फॉर्म असो, म्हाताऱ्याच्या पेन्शनचा असो, ईमेलच्या रकान्यात जो तो बिनधास्त विणकर संस्थेचा पत्ता लिहून मोकळा होई. संस्थेचे सचिव टिकाराम याला वैतागत, आणि खरं सांगायचं तर वैतागापेक्षा त्यांना त्याचा अभिमानच जास्त होता. सकाळी दहाला कुलूप उघडायचं, उदबत्ती लावायची, कॉम्प्युटर सुरू करायचा, मेल वाचायचे आणि ज्याचा असेल त्याला दारातूनच हाक मारायची, "रीता, तुह्या कॉलेजचं आलं वो!"

पण जिथे सगळ्या गल्लीचा पत्ता, तिथे सगळ्या जगाचा कचरा. टक्कल घालवणारं तेल, घरबसल्या नोकरी, कुठल्याशा राजघराण्यातली विधवा. दोन वर्षांपूर्वी त्यातलाच एक मेल आला होता. 'काँग्रॅच्युलेशन्स!' म्हणून सुरुवात आणि खाली, तुमच्या संस्थेची सिंगापूरच्या हातमाग मेळ्यासाठी निवड झाली आहे. टिकारामांनी तो खरा मानला. नुसता मानला नाही, आठवडी बाजारात उभं राहून सांगितला, पेढे वाटले, पासपोर्टसाठी फोटो काढले. पुढे काय झालं ते सांगायला नको. पानठेल्यावरचा खुशाल अजूनही हाक मारतो, "काय जी सिंगापूर, विमान कवा येऊन राहिलं?" टिकाराम हसतात. आणि पावलं उचलतात.

म्हणून या दिवाळीनंतर त्यांनी मेलला गाळणी लावली. मोबाइलवर व्हिडिओ पाहून, चष्मा पुसत, कुणाची मदत न घेता. मेलच्या प्रोग्रॅममध्ये नियम करता येतात हे कळल्यावर त्यांना हुरूपच चढला. विषयात 'लोन' असेल तर बाजूला, 'लॉटरी' असेल तर बाजूला. आणि 'काँग्रॅच्युलेशन्स' असेल तर? प्रोग्रॅम विचारत होता: जंकच्या फोल्डरमध्ये टाकू, की कायमचं मिटवू?

टिकाराम जरा थांबले होते. त्यांच्या घरात काही फेकायची रीत नव्हती. किड्याने भोक पाडलेला कोसा, म्हणजे रेशमाचा कोशसुद्धा, आई वेगळ्या टोपलीत ठेवायची; त्यातून लांब धागा निघत नाही, पण जाडंभरडं सूत कातता येतं. पण त्या शब्दावर त्यांचा दातच होता. नको ती घाण घरात, असं म्हणून त्यांनी 'कायमचं मिटवा'वर टिचकी मारली. त्या दिवशी त्यांना फार बरं वाटलं.

त्याच सुमारास शकुनबाईंचा फॉर्म गेला होता.

शकुनबाई निमजे म्हणजे गल्लीच्या टोकाच्या घरातली विधवा. मागावर तीन धोटे फिरवून विणायची, करवतीच्या दातांसारखी करवती किनार आता गल्लीत तिच्याच हाताला येत होती. मूल नाही, शिकायला कुणी बसत नाही, आणि डोळ्यांत मोतीबिंदू उतरायला लागलेला. नागपूरच्या एका प्रशिक्षण केंद्राला ही किनार शिकवायला कारागीर हवा होता. दहा पोरी, दोन वर्षं. फॉर्म टिकारामांनीच भरला. फोनच्या रकान्यात काही नव्हतं, कारण फोन नव्हता. ईमेलच्या रकान्यात अर्थातच संस्था.

"दहा पोरी म्हंते ना जी?" तिने विचारलं होतं. "त्यातल्या दोघींच्या बी हाताले लागली तं मी सुटली."

तेव्हापासून ती रोज अकराला यायची. दाराशी उभी राहायची, आत यायची नाही.

"आला का जी मेल?"

"नाही आला काकू. मी पाहूनच राहिलो."

"तुमी पाहून राहिले म्हंजे मले घोर नाही."

आणि ते खरंच पाहत होते, हीच तर गंमत. रोज, एकेक ओळ, बोट लावून. असे पाच आठवडे गेले.

मग त्या गुरुवारी मेल आला. विषय साधा होता, 'नियुक्ती रद्द करण्याबाबत'. टिकारामांनी वाचला, पुन्हा वाचला. आपली निवड झाल्याचं पत्र आणि त्यानंतरचं स्मरणपत्र या दोन्हींना उत्तर न आल्याने आपण इच्छुक नाही असे समजून...

कुठली दोन पत्रं? त्यांनी सगळे फोल्डर उपसले. नव्हतीच. मेल थेट या कॉम्प्युटरवर उतरायचे, मागे कुठे प्रत राहायची नाही. मग त्यांना गाळणीची आठवण झाली. गाळणीने काय काय केलं त्याची एक नोंदवही प्रोग्रॅममध्ये असते. त्यांनी ती आजवर उघडली नव्हती. शेकडो ओळी होत्या. बोट लावत लावत ते खाली आले आणि दोन ओळींवर थांबले. तारीख, केंद्राचं नाव, दोन्हीकडे विषयात तोच शब्द, आणि शेवटी एकच शेरा: मिटवला. पहिली ओळ बरोबर चार आठवड्यांपूर्वीची.

त्यांनी केंद्राला फोन लावला. चूक माझी आहे, बाईंची नाही, हे तीन वेळा सांगितलं. पलीकडचा माणूस वाईट नव्हता. उलट फार नरमाईने बोलला, आणि त्यामुळेच काही उरलं नाही. "काका, दुसऱ्या बाई सोमवारी रुजू झाल्या. क्लास सुरू झाला. आता माझ्या हातात काही नाही." पुढच्या भरतीचं विचारलं तर म्हणाला, दोन वर्षांनी. दोन वर्षांनी शकुनबाईंना धागा दिसणार होता का? टिकारामांनी फोन ठेवला. जी गोष्ट एका टिचकीने झाली, ती उलट फिरवायला त्यांच्याकडे एकही बटण नव्हतं.

अकरा वाजले. दाराशी सावली आली.

"आला का जी मेल?"

"आत या काकू. बसा."

ती बसली नाही. त्यांनी उभ्यानेच सगळं सांगितलं. सिंगापूर, गाळणी, तो शब्द, टिचकी. काही झाकलं नाही. शेवटी म्हणाले, "म्या मिटवलं काकू. माह्या हातानं."

शकुनबाईने कॉम्प्युटरकडे पाहिलं. मग म्हणाली, "तुमी काहून मिटवान? तुमी तं रोज पाहत होते. मशीननं खाल्लं असंन. तुमी उगाच आपल्यावर घेऊन राहिले."

"नाही वो काकू, मीच..."

"राहू द्या. जीवाले लावून घेऊ नका."

त्यांनी पुन्हा समजावलं. तिने पुन्हा मान हलवली, लहान पोराची समजूत काढावी तशी. रागावली असती, चार शिव्या दिल्या असत्या, तर त्यांना धरायला काही मिळालं असतं. ती तर त्यांचंच सांत्वन करत होती, आणि ते घेण्यावाचून त्यांना गत्यंतर नव्हतं.

जायला निघाली आणि चौकटीत थांबली.

"पर निवड झालती ना माही? खरीखुरी?"

"झालती."

"काय लिवलं होतं जी त्यात?"

पत्र नव्हतंच. नोंदवहीतली ती ओळ तेवढी होती. टिकारामांनी चष्मा सारखा केला आणि दारातून ज्या आवाजात ते सगळ्या गल्लीला हाक मारत, त्या आवाजात वाचायला गेले. तो आवाज लागला नाही.

"काँग्रॅच्युलेशन्स, श्रीमती शकुनबाई निमजे."

"म्हंजे?"

"अभिनंदन म्हंते."

शकुनबाईने डोक्यावरचा पदर नीट केला. आत आली, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यांच्यासमोरच्या खुर्चीवर बसली.

"एक डाव अजून वाचा ना," ती म्हणाली.