टिकलीचे घर आणि माझे झाकण

मी एक जुनी बरणी आहे. काचेची नव्हे हो, प्लॅस्टिकची. पण अंगातून आरपार दिसते, आणि त्याचाच मला तोरा होता. शिवणकाम करणाऱ्या एका आत्याच्या टेबलावर मी वर्षानुवर्षे बटणे सांभाळली. "शहाणी बरणी आहे, एक बटण हरवत नाही," असे ती म्हणायची. मित्रांनो, तेवढे कौतुक मला पुरे होते.

मग तिच्या भाचीने खिडकीत एक उड्या मारणारा कोळी पकडला. नखाएवढा, केसाळ, आणि डोळे असे चमकदार की तिने त्याचे नाव टिकली ठेवले. त्या नावामुळे तो सगळ्यांसाठी 'ती' झाला. पण टिकलीला ठेवायचे कुठे? बुटांच्या खोक्यात ती दिसेना. मासे ठेवायच्या जुन्या पेटीत सोडली, तर एवढ्या मोठ्या जागेत तिला दिलेली माशीच हरवली. शेवटी माझी बटणे पिशवीत ओतली गेली.

आत्याने दाभण तापवून माझ्या दोन्ही कुशींना भोके पाडली. हवा इकडून यावी, तिकडून जावी. चटके बसले, सोसले. भाचीने आत काटकी उभी केली, कापडाचे पान टाचले, पाण्याचे चार थेंब उडवले. सगळे छान. पण झाकण राहिले वर, आणि तिथेच घोळ झाला.

कारण टिकली झोपते उंचावर, अगदी झाकणाला पाठ लावून. तिने तिथे पांढरी पिशवी विणावी, आणि माशी टाकायला भाचीने झाकण फिरवावे. चर्र! अर्धे घर झाकणाला, अर्धे मला. त्यात आत्याची सवय अशी, की लोंबणारा दोरा दिसला की कात्री चालवायचीच.

"शी! किती धागे लोंबतायत," म्हणत ती उरलेसुरले कातरून टाकी.

ही विणे, ती उसवी. ही जोडी, ती तोडी. मी आतल्या आत ओरडत होते, अहो, वरून उघडू नका! पण बरणीचे तोंड बोलायला थोडेच असते? असा संताप यायचा! एकदा मी झाकणाचे आटे आवळून धरले. आत्याने ओले फडके घेतले आणि झाकण पिळून उघडले.

मग टिकलीने खाणेच सोडले.

"आत्या, ती मरणार का गं?"

"नखरे आहेत. तुझ्यासारखेच. उघड, ताजी माशी दे."

पुन्हा उघडा! तिला कात टाकायची होती, मित्रांनो. अशा वेळी धक्का लागला तर पाय जुन्या कातडीत अडकतात, जीवही जातो. तिला हवी होती बंद दाराची एक खोली, आणि या दोघी दार उघडून उघडून तिची विचारपूस करत होत्या.

त्या दिवशी कात्रीला चिकटलेला तुकडा झटकण्याआधी आत्याने चष्म्याजवळ नेला, आणि ती थबकली.

"अगं, हे जाळं नाही. थरावर थर आहेत. अस्तर लावलंय हिने!"

"आणि तू रोज ते कापत होतीस?"

"कापत होते गं." आत्याने कात्री बाजूला ठेवली आणि माझे झाकण निरखले. "चल, उघडायची बाजू खाली घेऊ. वरचा मजला तिचा."

आणि मला चक्क डोक्यावर उभे केले! काटकी सावरून लावली. टिकली थरथरत चढली ती थेट माझ्या बुडापर्यंत, जिथे कुणाचा हात पोचत नाही, आणि पुन्हा विणू लागली. भोकांतून पाण्याचा तुषार तेवढा आला. झाकणाला कोणी हात लावला नाही.

मी श्वास रोखून होते. एका दुपारी पिशवीच्या दारातून रिकामी कातडी खाली पडली, आठही पायांसकट. मागोमाग टिकली आली, मोठी झालेली, चमकदार.

"बाई गं," आत्या पुटपुटली, "सबंध झगा उतरवला, आणि एक बाही फाटली नाही!"

मित्रांनो, कुणाला घर देणार असाल, तर तुमच्या हाताला काय सोपे ते मागाहून बघा. राहणारा पाठ कुठे टेकतो, ते आधी बघा.

माझ्यावरची 'बटणे' ही चिठ्ठी आता उलटी दिसते. गिऱ्हाइके मान वाकडी करून वाचतात आणि हसतात. हसू देत. फक्त हळू हसा म्हणावे. वर कुणीतरी झोपले आहे.