तहकूब सभा

कृष्णाबाईला सभेत एवढंच सांगायचं होतं, की खाडीत रंगाचं पाणी सोडलं तर कोलंबी मरेल. तिच्या घराचं पोट त्या कोलंबीवरच चालत होतं.

१९९८ साली वसईच्या पूर्वेला, तिच्या गावाबाहेरच्या माळावर परदेशी भांडवलाची रंगाची कंपनी यायची होती. सांडपाण्याची नळी खाडीत सोडायला ग्रामसभेची परवानगी हवी, म्हणून सरपंचांनी सभा बोलावली.

शेजारचा फेबियन दारोदार हिंडला. "कोनी जायचं नाय. मानसं पुरी पडली नाय, तर सभाच होत नाय."

"आनि मी बोलनार होते, त्याचं काय?"

"कोलंबीला सांग, कृष्णाबाय. ती ऐकेल तुझं."

सगळे हसले, तीही हसली. नेसायला काढलेलं लुगडं तिने परत पेटीत ठेवलं.

त्या दिवशी गावाने खरोखरच एकी दाखवली. पंचायतीकडे कोणी फिरकलं नाही. सभा तहकूब झाली. "गोऱ्यांना आल्यापावली धाडलं!" म्हणत फेबियनने अंगणात सगळ्यांना चहा पाजला.

आता तहकूब म्हणजे रद्द नव्हे, पुढे ढकललेली. आणि ती पुन्हा भरते, तेव्हा तिला माणसांची अट नसते. चार डोकी आली तरी चालतात. हे गावात कोणालाच ठाऊक नव्हतं. नवी तारीख पंचायतीच्या फळ्यावर लागली होती. पण तिकडे फिरकायचंच नाही असं ठरवलेलं गाव फळा वाचणार कसं?

सरपंच आणि त्यांचे भाऊबंद जमले, ठराव झाला. माळावर मोजणी सुरू झाली, तेव्हा कृष्णाबाई पंचायतीत धावली.

"भाऊसाहेब, गावाचा इरोध होता ना?"

"कुठे होता, मावशी? ठरावात लिहिलंय, एकाही ग्रामस्थाने हरकत घेतली नाही." ग्रामसेवकाने आवाज खाली आणला. "पहिल्या सभेला येऊन सगळ्यांनी विरोधात हात वर केले असते, तर हा ठराव पडला असता. कंपनीच्या परदेशी साहेबाने मला दोनदा विचारलं, लोक नाराज नाहीत ना? मी काय दाखवणार त्याला, तुमची बंद दारं?"

"मंग आता सांगते."

तिने खाडीचं सगळं सांगितलं. नीट ऐकू यावं म्हणून ग्रामसेवकाने खडखडणारा पंखाही बंद केला. लिहून मात्र काहीच घेतलं नाही.

बाहेर फेबियन मान खाली घालून उभा होता. "काय म्हनले?"

"ऐकलं," कृष्णाबाई म्हणाली.

पुढच्या पावसाळ्याआधी नळी खाडीला लागली.