स्वयंपाकघराबाहेरचा खलबत्ता

मी एक जुना लोखंडी खलबत्ता आहे. आंजर्ल्याला आबांच्या घरामागे अवजारांची खोली आहे, तिथे वरच्या फळीवर मी असतो. माझ्या पोटावर लाल रंगाची मोठी फुली आहे. मित्रांनो, ती बघून तुम्हाला भीती वाटली तर मला वाईट वाटणार नाही. तुम्ही घाबरून लांब राहावं म्हणूनच ती मारली आहे.

पूर्वी माझ्यावर फुली नव्हती. मी ओतीव लोखंडाचा. भट्टीतले दिवस मला आठवत नाहीत. इतकं तापलेलं असताना कोणाला काय आठवणार? मला आठवतो तो दापोलीचा बाजार. आबांच्या आईने बत्ता उचलून माझ्या काठावर एक टोला मारला, आवाज कान देऊन ऐकला आणि म्हणाली, "हाच द्या." एसटीत तिने मला मांडीवर घेतलं होतं. वाटेत दोनदा तिचा पाय बधिर झाला, पण तिने मला खाली ठेवलं नाही.

मग कितीतरी वर्षं मी त्या घराचा वास होतो. वेलची, जायफळ, सुंठ, मिरी, सगळं माझ्या पोटात कुटलं जायचं. पण माझा जीव दालचिनीवर. परसातल्या झाडाची फांदी छाटून आबा साल सोलायचे आणि सावलीत वाळवायचे. ती घरची साल जाड असते, पटकन मोडत नाही. पण मोडली की असा वास सुटायचा की पडवीत बसलेला माणूससुद्धा आत डोकावायचा.

आबांची सून सावनी या घरात आली आणि माझ्या दालचिनीला नवं काम मिळालं. सावनी पंधरा दिवसांची साय साठवते. विरजून, घुसळून लोणी काढते. ताक पूर्ण निघेपर्यंत ते तीन पाण्यांनी धुते. मग लोणी परातीत घेऊन तळहाताने फेसत बसते. मे महिन्यात लोणी लगेच पातळ व्हायला लागतं, म्हणून परातीखाली माठातलं गार पाणी ठेवते. फेसता फेसता पिवळसर लोणी पांढरं होतं, हलकं होतं, जास्वंदीच्या पाकळीसारखं मऊ होतं. मग त्यात पिठीसाखर, चमचाभर मध, कणभर मीठ, आणि शेवटी माझी दालचिनी. गरम घावनावर ते गोड लोणी घातलं की त्याचे ओघळ मनगटापर्यंत येतात. सावनीची मुलगी ओवी लहानपणी ते मनगट चाटायची आणि आबा म्हणायचे, "घावन राहिलं गो ताटात. हात संपला की ते पण खा."

त्यानंतर घरात मिक्सर आला. मी ओट्यावरून फडताळात गेलो आणि फडताळातून मागच्या पडवीत. माझ्यात कोणी सुपारीचे तुकडे ठेवले, कोणी खिळे. मला वाईट वाटायचं, पण भीती कधी वाटली नव्हती. ती मला यंदाच्या मे महिन्यात पहिल्यांदा कळली.

पावसाच्या आधी इथे सुपारीवर औषध फवारतात, नाहीतर कोळे रोगाने कोवळी सुपारी गळून पडते. मोरचूद आणि चुना पाण्यात कालवून ते औषध करतात. मोरचूद दिसायला फार सुंदर असतं, मोराच्या मानेसारखं निळं. पण पोटात गेलं तर ते विष आहे. त्या सकाळी बागेत कामाला येणारा भागोजी मोरचुदाची पिशवी घेऊन पडवीत आला.

"आबा, ह्याची ढेकळं झालीत बगा. इरघळायची न्हाईत. काय तरी ठेचायला द्या."

आबांनी इकडे तिकडे बघितलं. मी समोरच होतो.

"हा घे. मिक्सर आल्यापासून ह्याला विचारतंय कोण?"

मित्रांनो, मला कोणीतरी परत हातात घेतलं म्हणून मी क्षणभर आनंदलो. मला लाज वाटते हे सांगताना. मग पहिला निळा खडा माझ्या पोटात फुटला आणि माझ्या अंगाची आग झाली.

काम झाल्यावर भागोजीने मला नळाखाली धरलं, दोनदा पाणी फिरवलं आणि पडवीच्या कठड्यावर उन्हात उपडं ठेवलं. पाणी स्वच्छ निघालं होतं. पण माझ्या तळाला जुन्या लोखंडाचे बारीक बारीक खळगे आहेत. निळी भुकटी त्यांत बसून राहिली होती. ओल्या मोरचुदाने माझा तळ तांबूस झाला होता, नव्या तांब्याच्या पेल्यासारखा. उपडा असल्यामुळे तो कोणाला दिसला नाही. आबा आणि भागोजी बागेत गेले.

आत सावनीचा चार वर्षांचा मुलगा वेद आठ दिवसांच्या तापातून उठला होता. पेज थुंकायचा, मऊ भात थुंकायचा. त्याची हनुवटी टोकदार झाली होती. त्या दिवशी मात्र तो आपण होऊन म्हणाला, "आई, दालचिनीचं लोणी."

सावनीचा आवाज एकदम हलका झाला. मला पडवीत ऐकू येत होतं.

"देते हो राजा. आत्ता देते. ओवी, मी लोणी फेसत्ये, तू तेवढी दालचिनी बारीक कर."

"आई, लाईट गेलेत. मिक्सर कसा लावू?"

"मग कशात तरी कूट गो. माझे हात भरलेत."

ओवी दहा वर्षांची आहे. ती पडवीत आली, मला सुलटं केलं आणि आत बघितलं. माझा तांबूस तळ तिला दिसला. गंज असेल असं वाटून तिने तो फ्रॉकच्या टोकाने पुसला. त्या क्षणी ओवीने एवढंच विचारावं, की आई, हा लाल का झालाय, असं मला वाटत होतं. पण तिला भावासाठी घाई होती. तिने सालीचे तुकडे टाकले आणि कुटायला लागली.

मित्रांनो, ज्या वासावर माझा जीव होता, तोच वास तेव्हा माझ्या पोटातून येत होता आणि मला तो नकोसा झाला होता. प्रत्येक टोल्याला खळग्यांतली भुकटी सुटून पुडीत मिसळत होती. बत्ता निसटावा, मी कठड्यावरून खाली पडावं, काहीही व्हावं. ओवीने मला डाव्या हाताने घट्ट धरून ठेवलं होतं.

पूड झाली. तिने चमच्याने ती काढून नेली आणि सावनीने लोण्यात घातली. एरवी सावनी बोटाने चव बघते. आज मात्र पहिली चव वेदची, असं तिने त्याला कबूल केलं होतं. वाटी भरून तिने ओवीच्या हातात दिली.

"जा, दे त्याला. आणि खलात चिकटलेली पूड राहिली असेल ती आण. घरची दालचिनी आहे, टाकायची नाही."

"तूच बघ ना आई, मी वेदला भरवते."

सावनी पडवीत आली. मला उजेडाकडे तिरकं करून तिने आत बघितलं. मग ती हललीच नाही.

मी सांगतो ती काय आठवत होती. दर वर्षी औषध तयार झालं की आबा कोयत्याचं पातं त्यात मिनिटभर बुडवतात. पातं जसंच्या तसं निघालं तर औषध ठीक. पात्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडला, मोरचूद अजून मोकळं आहे. लग्न होऊन आल्यापासून सावनीने तो लाल झालेला कोयता कितीदा तरी बघितला होता. आता तोच रंग तिच्या हातातल्या खलात होता.

"ओवी, नको देऊस!"

मी तिच्या हातातून सुटलो आणि फरशीवर आपटलो. आतून ओवीचा आवाज आला.

"दोनदा चाटलं त्याने. तोंड वाकडं करतोय."

घरात पुढे काय झालं ते मला फक्त ऐकू आलं. चूळ भरायला लावल्याचा आवाज, वेदची उलटी, मग त्याचं रडणं. सावनी फोनवर दापोलीच्या डॉक्टरांना सांगत होती, "मोरचूद, डॉक्टर. हो, फवारणीचं. किती ते नाही सांगता येत." मग हाक, "आबा, आबा." आबा बागेतून धावत आले. या वयात त्यांना धावताना मी कधी बघितलं नव्हतं. सावनीने स्कूटर काढली, मागे आबा, आबांच्या छातीशी वेद. लोण्याची वाटी पिशवीत घालून तीही बरोबर घेतली, कारण डॉक्टरांनी आणायला सांगितली होती. स्कूटरचा आवाज खाडीच्या पुलाकडे गेला आणि मग ऐकू येईनासा झाला.

ओवी माझ्याजवळ जमिनीवर बसली. भागोजी दारात उभा होता.

"भागोजीकाका, मी विचारलंच नाही आईला."

"तू कशाला इचारशील, बाय? भांडं तुमच्याच घरचं. मी धुतला व्हता न्हवं. दोन पान्यानं धुतला." तो उंबऱ्यावर खाली बसला. "सांगायला पायजे व्हतं मी."

"वेद मरेल का?"

"गप. तसलं बोलू नये."

भागोजीने गप म्हटलं, पण तोच बाहेर जाऊन डोळे पुसून आला. ती दुपार फार लांब होती. ओवीच्या मांडीवरचा आबांचा फोन वाजत नव्हता. वस्तूंना कोणी काही कळवत नाही, मित्रांनो. मला त्या वाटीतल्या दोन चाटण्यांमध्ये किती कण होते ते माहीत नव्हतं. मी ते एकेक मोजायचा प्रयत्न केला, आणि मोजता येईना.

चारच्या सुमाराला फोन वाजला. ओवी नुसती "हं, हं" करत होती. मग ती म्हणाली, "त्याला दे ना एकदा." फोनमधून एक बारीक, चिडका आवाज आला. "ताई, तुझं लोणी घाण होतं."

ओवी हसली आणि हसता हसता रडायला लागली. पोटात फार थोडं गेलं होतं आणि तेही लगेच उलटून पडलं होतं. डॉक्टरांनी रात्रभर ठेवून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी वेद घरी आला. आबांनी दोन दिवस ताटाला हात लावला नाही. सावनी त्यांना जेवायला वाढताना म्हणाली, "आबा, 'कशात तरी कूट' असं मीच म्हटलं. तुम्ही एकट्याने नका घेऊ अंगावर." तेव्हा त्यांनी पहिला घास घेतला.

मग आबांनीच माझ्यावर लाल फुली काढली. मी आता बागेचा. माझ्यात मोरचूदच कुटलं जाणार, आणि मी पुन्हा घरात जाणार नाही. हे बरोबर आहे. स्वयंपाकघरात आता दगडाचा नवा खल आहे. सावनी परत दालचिनीचं लोणी करते. कुटण्याचा आवाज इथपर्यंत येतो.

परवा अवजारांच्या खोलीची कडी उघडी राहिली होती. वेद आत आला. फळीखालच्या खोक्यावर चढला आणि माझ्यासमोर आला. हनुवटी आता परत गोल झाली आहे. त्याने विचारलं, "तू वाईट आहेस?" आणि एक बोट माझ्याकडे आणलं. कित्येक महिन्यांत माझ्याशी कोणी बोललं नव्हतं. ते बोट माझ्या काठाला लागावं असं मला किती वाटलं, आणि मी मनातल्या मनात म्हणत होतो, नको. बाळा, नको.

ओवीने त्याला मागून कमरेत उचललं. "तो वाईट नाही रे. त्याला फक्त हात लावायचा नाही." तिने बाहेरून कडी घातली आणि ती लागली का ते ओढून बघितलं.

म्हणून मित्रांनो, खाण्याचं भांडं विषाला देऊ नका. दिलंच, तर ते परत घरात आणू नका, कितीही धुतलं तरी. आणि ज्याने दिलं, त्याने घरातल्या प्रत्येकाला सांगावं, अगदी लहानांनासुद्धा. भांड्याचा रंग बदललेला दिसला तर हातातलं काम थांबवून विचारा. कोणी ओरडलं तरी विचारा. मला त्या दिवशी सगळं माहीत होतं आणि सांगता आलं नाही. तुम्हाला बोलता येतं.