निरोगी उसाची स्लाइड

मित्रांनो, मी एक जुना सूक्ष्मदर्शक आहे. कोल्हापुरातल्या एका कॉलेजात, वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत माझी पस्तीस वर्षं गेली. अंगावरचा रंग उडाला, भिंग मात्र शाबूत आहे. पूर्वी माझ्यापुढे मुलांची रांग लागायची. मुलं क्षणभर डोळा लावत आणि आकृती पुस्तकातून उतरवत. मार्क त्या आकृतीला पडत, मग मला कोण विचारतो?

शबनूर मुरगूडहून एसटीनं यायची. तिला डिस्लेक्सिया होता. एक पान वाचायला तिला अर्धा तास लागे. पहिल्या वर्षी दोन विषय राहिले होते. यंदा प्रात्यक्षिकात नापास झाली तर कॉलेज बंद, असं घरी ठरलं होतं. ती मला आवडायची, कारण ती खरंच बघायची. अक्षरांवर भिस्त ठेवता येत नसल्यानं लहानपणापासून तिनं ती डोळ्यांवर ठेवली होती.

परीक्षेला उसाच्या खोडाची स्लाइड आली. वर चिठ्ठी होती, 'निरोगी'. बाकीच्यांनी पाठ केलेली स्वच्छ आकृती काढली. शबनूर चिठ्ठी वाचण्यात वेळ घालवत बसली नाही. तिनं आकृतीत खोडातल्या नळ्यांत अडकलेले बारीक धागेही रेखाटले.

उदयसिंह सर करवादले, "हे काय काढलंयस? पुस्तकात असलं कुठं हाय?"

"पुस्तकात न्हाय सर," ती हळूच म्हणाली, "स्लाइडमध्ये हाय की."

सर माझ्यावर वाकले ते बराच वेळ उठले नाहीत. धागे बुरशीचे होते. तीच स्लाइड सर नऊ वर्षं निरोगी म्हणून शिकवत होते.

"माझंच चुकलं गं," ते म्हणाले आणि चिठ्ठी नखानं खरवडून काढली.

शबनूर पास झाली. आज ती उसावरचे रोग शोधणाऱ्या प्रयोगशाळेत शास्त्रज्ञ आहे. अहवाल अजूनही मोबाईलकडून वाचून घेते. पण दुसऱ्यांनी निरोगी ठरवलेला ऊस पुन्हा तपासायला तिच्याकडेच येतो.

आता पडद्यावर दाखवणारी नवी यंत्रं आली आहेत आणि मी कपाटात धूळ खातो आहे. मित्रांनो, जमलं तर माझं भिंग मऊ कापडानं पुसा. आणि शेजारी कुणी अडखळत वाचत असेल, तर त्याला काय दिसलं ते विचारा. मला कुणी विचारलं नाही. ते धागे मी नऊ वर्षं दाखवत होतो.